सायडिंगवरचं वाळवण

यंदा वाळवणाच्या पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. संगीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सकाळी गच्चीवर जुनी नऊवारी अंथरली, तिच्यावर कुरडया घातल्या आणि खाली जाताना मला एवढंच सांगितलं, "चारी टोकांना वजनं ठेवा, मग कुठं जायचं तिकडं जा." मी वजनं शोधू लागलो. एक कुंडी होती, ती माझ्यानं हलेना. दुसरीत तुळस होती, तिला असल्या कामाला लावणं बरं दिसेना. तेवढ्यात फोन आला. फोनवर बोलत बोलत मी जिना उतरलो आणि कुठं जायचं तिकडं गेलो, म्हणजे सोफ्यावर. थोड्या वेळानं वावटळ उठली. तिनं ती साडी अलगद उचलली, भिंतीवरून पलीकडे नेली आणि समोरच्या बंगल्यातल्या नव्या पांढऱ्या गाडीवर व्यवस्थित पालथी घातली. कुरडया ओल्या, गाडी तापलेली. शेजारी बाहेर येईपर्यंत काचेवर त्या अशा काही बसल्या की सोडवायला मला घरातून उलथनं आणावं लागलं.

"आता तळूनच द्या साहेब," शेजारी म्हणाला. भला माणूस आहे. दुसरा असता तर मलाच तळला असता.

काच खरवडता खरवडता मला दगड आठवले. पूर्वी आमच्या कॉलनीत वजनांचा तुटवडा नव्हता. घराचं मागचं दार उघडलं की चार पावलांवर रेल्वेची खडी. काळी, टोकदार, तळहातावर मावेल अशी. पापडाच्या प्लास्टिकवर ठेवायला, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायला, कुत्रं हाकलायला, सगळ्याला तीच. आणि त्या खडीबरोबर तो एक उन्हाळाही आठवतो. उन्हाळे पुष्कळ झाले. पण त्या एका उन्हाळ्याची आठवण आली की अजून माझे तळवे ओले होतात. चैत्र सरत आला, घराघरांतून भिजवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास यायला लागला, की मी कुठंही असलो तरी आधी कान टवकारतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज कुठून येत नाही ना, ते बघतो.

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाताना आमची कॉलनी लागते. तिच्या पाठीमागून रेल्वेचा एक फाटा गेला होता. तिकडच्या एका कारखान्यात माल नेण्या-आणण्यासाठी टाकलेला. सगळे त्याला सायडिंग म्हणत. कारखाना बंद पडला, त्याच्या फाटकाला गंजानं कायमची कडी घातली, मुख्य मार्गाकडचा जोडही कुणीतरी येऊन काढून नेला. मधला रुळांचा तुकडा दोन्ही अंगांनी तुटून आमच्या मागे पडून राहिला. त्याच्यावर काही डबेही राहिले. मालाच्या दोन बंद वाघिणी होत्या. एकीच्या छपरातून पिंपळ उगवला होता. एक माणसं नेणारा डबा होता, खिडक्यांचे गज गेलेला, आत कुत्रीची बाळंतपणं व्हायची. आणि सगळ्यांपासून थोडा पुढे, नाल्याच्या बाजूला, मालगाडीचा एक उघडा सपाट डबा. ना भिंती, ना छप्पर. चार चाकांवर ठेवलेली नुसती लोखंडी फरशी.

त्यांना न्यायला इंजिन का आलं नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. येईल येईल म्हणताना विसरलं गेलं असेल. घरात नाही का, लग्नाला आलेल्या पाहुण्याची एखादी पिशवी राहते. पहिल्या महिन्यात आपण तिला हात लावत नाही, दुसऱ्या वर्षी तिच्यात कांदे भरतो.

चालता रूळ वरून चकाकतो. त्याच्याकडे आपण बघतच नाही, गाडीकडे बघतो. सोडून दिलेला रूळ मात्र दिसतो. त्याला गंज चढतो, कडेनं गवत येतं, त्याच्यावर बसून माणसं तंबाखू मळतात. पण तो आपली वाट सोडत नाही. दुपारी सगळी कॉलनी निजलेली असताना तो मधूनच टण् असा वाजायचा. ऊन लागलं की लोखंड फुगतं, हे मी शाळेत शिकलो होतो आणि त्यावर मार्कही मिळवले होते. तरी दर वेळी मान वळायचीच. काहीतरी येतंय, असं वाटायचं.

त्या सायडिंगला नाल्याकडे उतार होता. डोळ्यांना दिसत नसे. पावसाळ्यात पाणी तिकडं पळायचं, एवढीच त्याची खूण. पुढे वळण होतं, वळणावर वेड्या बाभळींचं रान माजलं होतं आणि त्याच्या पलीकडे नाल्यावरचा छोटा पूल. पुलावरच्या लाकडी फळ्या कधीच कुणाकुणाच्या चुलीत गेल्या होत्या. नुसते दोन रूळ हवेत लोंबत होते, खाली काळं पाणी आणि दगड.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात असणं यांत फार अंतर असतं.

त्या सपाट डब्याला कॉलनीतल्या बायका 'पाट' म्हणत. उन्हाळा आला की पाटावर वाळवण. लोखंड असं तापायचं की सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खडखड वाजायची. गच्चीवर तिला दोन दिवस लागतात. मंदाताई नावाच्या आमच्या शेजारीणबाईंनी खडूनं रेघा मारून प्रत्येकीचा वाटा आखून दिला होता. त्या हद्दीवरून जी भांडणं होत, तशी शेताच्या बांधावरूनही होत नसतील. "तुमचे नागलीचे पापड माझ्या उडदात आलेत हो!" एवढ्यावरून दोन घरांतला चहा बंद झालेला मी पाहिलाय. पहाटे चिकाचं पातेलं उतरलं की आम्हा पुरुषांना वाटीवाटी गरम चीक, वर साखर, तूप. तो खायचा आणि मग परात डोक्यावर घेऊन बायकोच्या मागून पाटाकडे जायचं. माझ्या डोक्यावरून परात एकदाच पडली. त्यानंतर माझ्याकडे फक्त पाण्याची घागर असायची.

त्या वर्षी पाटाला राखणदार मिळाली. माझी सासू.

तिला मी मामी म्हणायचो, आमच्यात तशीच पद्धत. मामीचं घर देवळ्याला. मामा गेल्यावर ती तिथं एकटीच राहायची. स्वतःपुरता स्वयंपाक, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी, दारात एक लिंबाचं झाड. एका सकाळी न्हाणीत तिचा पाय घसरला. शेजारीण पातीचा कांदा द्यायला आली दुपारी. तोवर ती ओल्या फरशीवर तशीच पडून. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आम्ही तिला नाशकात घेऊन आलो. कायमची, असं संगीतानं ठरवलं. मामीनं काही ठरवलं नव्हतं.

ती बरी झाली, काठी घेऊन चालू लागली आणि तिनं एकच वाक्य धरलं. "माले घर जानं शे."

"हेही घरच आहे की," संगीता म्हणायची.

"हाई तुनं घर. माले मन्हा घर जानं शे."

माझ्या बायकोला मी घाबरट म्हणणार नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, ती माझ्या स्कूटरवर मागे बसते. पण त्या दिवसानंतर तिचं काहीतरी हललं होतं. मामी पाणी प्यायला उठली तरी ही झोपेतून उठून बसायची. मामी अंघोळीला गेली की ही दाराबाहेर उभी. "आई, झालं का? आई, आवाज दे." आत म्हातारी वैतागून पाण्याचा तांब्या आपटायची, तोच तिचा आवाज. आणि मग एक दिवस दोघींचं चांगलंच जुंपलं.

"तू पडलीस तर?"

"पडनी तं पडनी."

"आणि उचलणार कोण तुला? मी इथं, तू तिथं. परत तशीच पडून राहणार दिवसभर?"

त्यानंतर दोघी एकमेकींशीच बोलल्या नाहीत. घरात दोन खोल्या आणि दोन बायकांचा अबोला. मधला टपालवाला मी. "तुमच्या सासूबाईंना विचारा, चहा हवाय का." "जवाईबापू, तिले सांगा, घेसू." दोघींच्या मध्ये चार हातांचं अंतर. मी मान इकडून तिकडे फिरवायचो, तेवढाच माझा व्यायाम.

मामीला पाटावर बसवायची कल्पना मंदाताईंची. वाळवणाला राखण हवीच असते. कावळे, चिमण्या, बकऱ्या. लाकडी घडवंची लावून, दोघी-तिघींनी धरून तिला सकाळी वर चढवायचं आणि दुपार कलली की तसंच उतरवायचं. वर गोणपाट, त्याच्यावर मामी, डोक्यावर काळी छत्री, हातात लाल चिंधी बांधलेली काठी. तिनं स्वतःचे ज्वारीचे बिबडेही घातले होते, मंदाताईंच्या हद्दीत, आणि कुणी ब्र काढला नाही. पाटावर बसून ती तासन्‌तास रुळांकडे बघायची. देवळ्याला रेल्वे नाही, तरी ती त्या रुळांकडे बघायची. मी एकदा विचारलं, "मामी, काय बघता एवढं?" म्हणाली, "रस्ता."

संगीता स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईकडे बघायची. दोघी दिवसभर असं बघत असायच्या. एक पुढे, एक तिच्याकडे.

आता अडचण अशी झाली की त्याच वर्षी पाटाच्या पश्चिमेला एक मोठी इमारत उभी राहिली. बघता बघता मजल्यावर मजला. माथ्यावरून ऊन कललं की तिची सावली पाटावर यायची आणि वाळवणाचं अर्धं ऊन खायची. कुरडया आतून ओल्या राहू लागल्या. बायकांची सभा भरली. इमारत सरकवणं शक्य नव्हतं. पाट सरकवणं शक्य होतं.

"सरकेल का?" मंदाताईंनी रफिकभाईंना विचारलं. रफिकभाई कॉलनीच्या तोंडाशी कूलर दुरुस्त करायचे, खिडक्यांचे गज जोडून द्यायचे. लोखंडातलं काहीही विचारायचं ते त्यांनाच.

रफिकभाईंनी चाकांखाली वाकून पाहिलं, टिचकी मारली. "जाम नाहीत ताई. झोपलीयेत. तेल पाजतो, उद्या उठवू. पण सात-आठ हात, जास्त नाही हां."

"तेवढंच तर पाहिजे."

दुसरा दिवस रविवार. भर दुपार, पाटावर ओल्या कुरडया अंथरलेल्या, कॉलनीतले सगळे बाप्ये बनियनवर. बहुतेकांना खात्री होती की डबा हलणार नाही. मलाही. म्हणूनच आम्ही सगळे इतक्या उत्साहात होतो. जे होणारच नाही, त्यासाठी घाम गाळायला माणसाला फार आवडतं.

मामी वरच होती.

"अहो, तुमच्या सासूबाईंना सांगा, खाली उतरा म्हणावं," संगीता मला म्हणाली.

"जवाईबापू, तिले सांगा, मी आठेच बठस."

"त्यांना सांगा, गाडी हलणार आहे."

"तिले सांगा, गाडी हालाकरताच ऱ्हास."

खाली दोन-चार जण हसले. संगीता हसली नाही. तिनं घडवंची ओढून डब्याला लावली आणि स्वतः चढायला पाय ठेवला. मामीनं काठी आडवी धरली. मारायला नाही; फाटकाला अडसर घालतात तशी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग संगीता खाली उतरली, घडवंची बाजूला केली आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला आवडला नाही. पण सगळे हात लावून तयार होते आणि रफिकभाईंनी चाकाखालचे दगड आणि लाकडी पाचर काढलीही होती.

"बोला, एक... दो..."

पहिल्या धक्क्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. रफिकभाईंनी चाकाखाली पहार घालून दाबली, आम्ही खांदे लावले आणि कुठंतरी खोल, जमिनीतून आल्यासारखा एक कण्हण्याचा आवाज आला. चाकावरचा गंज पापुद्र्यांनी गळाला. डबा बोटभर हलला. मग वीतभर.

काय ओरडलो आम्ही! जणू काही पोटचं पोर चालायला लागलं. बायका टाळ्या वाजवत होत्या, मंदाताई "अजून, अजून, सावलीतून काढा पुरता" म्हणत होत्या. डबा सावलीतून बाहेर आला, उन्हात आला, सात हात झाले, आठ झाले.

"बस!" रफिकभाई म्हणाले. आम्ही हात काढले.

डबा थांबला नाही.

तो क्षण मला अजून तसाच्या तसा दिसतो. तिथं काही घाई नव्हती. डबा अगदी सावकाश चालला होता, बैलगाडीसारखा, आणि आम्ही सगळे हात हवेत धरून त्याच्याकडे बघत होतो. थांबेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. एवढी वर्षं थांबला होता तो. थांबायची त्याला सवय होती. मग रुळाच्या जोडावर चाक वाजलं. टक्‌. थोड्या वेळानं दुसरं, टक्‌. आणि तिसरं जरा लवकर वाजलं.

"पाचर लाव, पाचर!" कुणीतरी ओरडलं. रफिकभाईंनी पळत पुढे जाऊन ती पाचर चाकापुढे टाकली. चाकानं ती बाजूला उडवली. खडी टाकली, तिचं पीठ झालं. पहार घातली, ती रफिकभाईंच्या हातातून निसटून खणखणत गेली आणि ते मटकन खाली बसले. आता डबा भरभर चालणाऱ्या माणसाइतका वेग धरून होता. आम्ही मागून धरून ओढत होतो, बनियनवरचे कारकून आणि मास्तर, टाचा खडीत रोवून. डब्याला आम्ही असल्याचं कळलंही नसेल.

"आई!" संगीता धावत होती. कितीतरी दिवसांनी ती आईशी थेट बोलत होती. "आई, उडी नको मारू! आई, बसून राहा! अगं, आई, पुढे नाला आहे!"

एका वाक्यात उडी मारू नको आणि दुसऱ्यात पुढे नाला आहे. दोन्ही खरं होतं. मोडून जोडलेल्या खुब्याची म्हातारी छातीएवढ्या उंचीवरून खडीवर उडी मारून उठत नाही. आणि बसून राहिली, तर वळण, बाभळी, आणि मग ते हवेतले रूळ.

मी का चढलो, हे मला आजही सांगता येत नाही. शूर माणूस चढतो तसा नाही. सुटलेल्या एसटीत चढतो तसा. पळता पळता डब्याच्या कडेची लोखंडी पायरी हाताला लागली, ती धरली, पाय सुटले, गुडघा फुटला आणि मी पोटावर वर आलो, पालथा, कुरडयांच्या मधोमध. संबंध मंदाताईंचा वाटा माझ्या बनियनला चिकटला. ऐंशी किलोचा मी, उतारावर सुटलेल्या गाडीत भर घालायला. थांबवण्यासाठी माझ्याजवळ काहीही नव्हतं.

मामी छत्री मिटून बसली होती. पदर कमरेला खोचलेला, काठी मांडीवर आडवी.

"तुमी कसाले चढनात?"

"मामी," मी धापा टाकत म्हणालो, "पुढे नाला आहे."

"मालूम शे."

"उतरायला हवं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "उडी मारता येस का तुमले?"

मी खाली पाहिलं. खडी मागे पळत होती. "नाही."

"माले बी नही. मंग बठा."

मी बसलो. दुसरं काय करणार! वळण आलं, बाभळींच्या फांद्या दोन्ही अंगांनी सपासप लागू लागल्या. मामीनं माझी मान धरून खाली दाबली. त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. काटे डोक्यावरून गेले. चाकांचा आवाज आता एकसारखा झाला होता, मधले टक्‌ टक्‌ वेगळे ऐकू येत नव्हते. मागून संगीताच्या हाका बारीक होत गेल्या. मला वाटलं, आता पोकळ आवाज येईल. पुलावर गाडी गेली की जसा येतो तसा. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. तेवढंच आठवतं, देव आठवला नाही, विम्याचा हप्ता आठवला नाही. फक्त तो आवाज आत्ता येईल, आत्ता येईल.

आवाज आला तो वेगळाच. आधी खरखर, मग धप्प, मग सगळं जग पुढे झुकलं. मी कुरडयांसकट पाटाच्या पुढच्या टोकापर्यंत घसरत गेलो. डबा थांबला होता.

धूळ खाली बसली तेव्हा दिसलं. त्या नव्या इमारतीचा राडारोडा, फुटक्या विटा, सिमेंटची ढेकळं, माती, कुणीतरी ट्रक भरभरून गुपचूप या बाभळींच्या आड रुळांवर आणून ओतला होता. केवढा तरी ढीग. डब्यानं त्याच्यात छातीपर्यंत तोंड खुपसलं होतं. ढिगाच्या पलीकडून रूळ पुन्हा बाहेर निघत होते, थोडं पुढे जात होते आणि मग त्यांच्याखाली काही नव्हतं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. मग एक कावळा आला आणि बिबड्यांवर बसला. मामीनं काठी उचलली. "हाट!"

संगीता पहिली पोचली. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही, काट्यांनी हात ओरबाडलेले. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते योग्यच होतं. ती डब्याशी आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली, झोपलेलं मूल उचलून घ्यायला उभं राहतात तशी. मागून मंदाताई आल्या, रफिकभाई आले, कुणीतरी म्हणालं, "घडवंची आणा, घडवंची!"

"सरक," मामी लेकीला म्हणाली.

संगीता सरकली नाही.

"सरक थोडी. हात लाऊ नको."

आणि आमच्या सगळ्यांच्या देखत ती कडेला सरकत आली, काठी आधी खाली टाकली, पालथी झाली आणि चाऱ्यानं भरलेल्या बैलगाडीवरून बाया उतरतात तशी पाय सोडून घसरत खाली आली. मध्ये एकदा लटकली. दोन्ही हातांची बोटं लोखंडाच्या कडेला पांढरी पडली, पाय जमीन शोधत होते. संगीताचे हात तिच्या कमरेपासून चार बोटांवर होते. ते तिथंच राहिले. तिनं लावले नाहीत. मी एवढी वर्षं त्या बाईबरोबर संसार केला, पण तिला इतकं अवघड काम करताना मी कधी पाहिलेलं नाही.

मामीचा एक पाय टेकला. मग दुसरा, ऑपरेशनचा. तो लटपटला. ती डब्याला धरून उभी राहिली, श्वास घेतला, लुगडं सारखं केलं. मग लेकीकडे बघून, थेट लेकीकडे, म्हणाली, "धूळ बसनी ना सम्द्या कुरडयासवर. झटकी ले."

मंदाताई तिथं विटांवर बसून रडल्या. रफिकभाई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "अल्ला, अल्ला, सात-आठ हात म्हणालो होतो मी." पोरांनी कुरडया गोळा केल्या. त्या वाया घालवायचं कुणाच्याही मनात आलं नाही.

डबा नंतर तिथंच राहिला, ढिगात तोंड घालून. पुढच्या वर्षी माणसं आली, गॅसनं कापून एकेक डबा ट्रकमध्ये भरून घेऊन गेली. पिंपळाची वाघीण शेवटी. रूळ उपटले, खडी गेली. आता तिथं सिमेंटचा पट्टा आहे आणि सकाळी लोक त्याच्यावर वजन कमी करायला चालतात. मीही चालतो. वळणावर पोचलो की पाय आपोआप आखडतात. जे पडून आहे, ते संपलंय असं आपण धरून चालतो. रूळ, डबे, म्हातारी माणसं. त्यांच्या अंगात जाणं शिल्लक असतं, हे आपल्याला ते निघाल्यावर कळतं. तेव्हा आपण मागून धरून ओढत असतो, टाचा रोवून. असा काहीतरी मोठा विचार मला हल्ली चालताना सुचतो. घरी येईपर्यंत मी तो विसरतो आणि दूध आणायचंही विसरतो.

त्या दिवशी दुपार कलल्यावर मामी आत झोपली होती. अगदी घोरत. संगीता मागच्या पायरीवर बसून एकेक कुरडई फडक्यानं पुसत होती. मी गुडघ्याला हळद लावून शेजारी बसलो होतो. आतून घोरण्याचा आवाज थांबला की तिचा हात थांबायचा; पुन्हा सुरू झाला की पुन्हा फडकं फिरायचं. मग एकदा घोरणं थांबलं आणि हिचा हात थांबला नाही. ती पुसत राहिली. मी वाट बघत होतो, रडेल म्हणून, नाहीतर मला तरी बोलेल म्हणून.

वर न बघता ती म्हणाली, "देवळ्याच्या न्हाणीत भिंतीला दांडा बसवून घ्यायला पाहिजे. हातानं धरायला. चांगला भक्कम."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी ताडकन म्हणालो, "उद्याच जाऊन बसवतो."

तिनं मान वर करून त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बनियनला अजून कुरडया चिकटलेल्या होत्या.

"तुम्ही नका बसवू," ती म्हणाली. "माणूस बोलवा."